दहा परार्ध आंबे

मे सरत आला, की बाणेर-बालेवाडीकडचे पीजीवाले कॉटचं भाडं वाढवतात आणि आमच्या ऑफिसात टी-शर्टांचे खोके येऊन पडतात. समर इंटर्न येणार असल्याची ही दोन खात्रीची लक्षणं. एचआरची तशी ई-मेलही येते, पण ती बहुधा मुलं येऊन बसल्यावर.

आमची कंपनी विद्यार्थ्यांसाठी कोडिंगच्या स्पर्धा भरवते. वर्षभर ऑनलाइन फेऱ्या चालतात आणि जुलैअखेर निवडक संघ प्रत्यक्ष पुण्यात येऊन अंतिम फेरी खेळतात. माझं काम प्रश्नांची भाषा तपासायचं. प्रोग्रामिंगमधलं मला जेवढं कळतं तेवढ्यावर नोकरी टिकून आहे. त्याहून जास्त कळून घ्यावं असा आग्रह आजवर कुणी धरलेला नाही. तरीही इंटर्नांच्या स्वागताचं काम दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतं, कारण एचआरच्या मते मी 'पीपल पर्सन' आहे. म्हणजे माझं टेबल दाराजवळ आहे.

टी-शर्ट सगळे एल. साइझ विचारणारा फॉर्म एप्रिलमध्ये जातो, मुलं तो इमानेइतबारे भरतात, त्याची एक्सेल शीट होते, ती चार जणांच्या मंजुरीतून जाते आणि छापून येतात ते एल. एसवाल्याच्या बाह्या कोपराखाली उतरतात आणि डबल एक्सएलवाला तो धाकट्या भावासाठी घरी नेतो. कोडिंगच्या जगात टी-शर्टाचं हे प्रस्थ फार आहे. गूगलने २००५ मध्ये 'समर ऑफ कोड' सुरू केलं, तेव्हा उन्हाळाभर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला साडेचार हजार डॉलर आणि एक टी-शर्ट मिळत असे. आमच्या व्यवस्थापनाने त्यातला परवडणारा भाग उचलला.

पहिल्या सकाळी एचआर मुलांना सांगते, की आपल्याकडे कुणी सर नाही, कुणी मॅडम नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची. आता नांदेडहून, जळगावहून, कराडहून आलेला वीस वर्षांचा मुलगा केस पिकलेल्या माणसाला नुसत्या नावाने कशी हाक मारणार? त्याची जीभच उचलत नाही. 'सर' म्हणायला बंदी, आणि 'काका' म्हटलं तर एचआरचा चेहरा बघवत नाही. यातून मुलांनी आपला मार्ग काढला आहे: हाक मारायचीच नाही. टेबलाशी यायचं आणि मी मान वर करेपर्यंत उभं राहायचं. एक मुलगी इतकी बिनबोभाट उभी होती, की माझं लक्ष गेलं तेव्हा तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती. मुंबईच्या मुलांना ही अडचण येत नाही. ती पहिल्या तासात नावावर येतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'यार'वर.

मग ओळखीचा कार्यक्रम. नाव, कॉलेज आणि 'स्वतःबद्दल एक इंटरेस्टिंग गोष्ट'. मराठी घरात वाढलेल्या मुलाला चारचौघांत स्वतःबद्दल इंटरेस्टिंग काही बोलायची सवय नसते. घरी तसं बोलायला लागलं तर 'पुरे आता' असं ऐकावं लागतं. त्यामुळे 'मला ट्रेकिंग आवडतं' हे एकच वाक्य खोलीभर फिरतं. सिंहगडाला ट्रेक म्हणायचं का, यावर एकदा भरपूर वाद झाला, आणि तेवढाच तो कार्यक्रम रंगला. एकाने मात्र खरोखर ऐकण्यासारखं सांगितलं. तो शाळेत असताना झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडला बसला होता. ही परीक्षा कॉम्प्युटर शास्त्राची, पण तेव्हा ती कागद-पेनवर घेत. पोरगं पास झालं आणि घरी म्हणालं, आता मला कॉम्प्युटर घ्या. आजोबा म्हणाले, "परीक्षेला लागला नाही ना? मग कशाला?"

खरी ओळख होते ती चहाच्या मशीनपाशी, आणि ती रेटिंगने होते. रशियातल्या सारातोव्हच्या माइक मिर्झायानोव्हने सुरू केलेली 'कोडफोर्सेस' नावाची साइट आहे. तिथे स्पर्धा खेळत गेलं की तुमच्या नावापुढे एक आकडा लागतो आणि आकड्याप्रमाणे नावाचा रंग बदलतो. करडा, हिरवा, मोरपंखी, निळा, जांभळा, नारिंगी, आणि २४०० च्या पुढे लाल. ही मुलं एकमेकांना आडनाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. रंग विचारतात. त्यातून जे उभं राहतं त्यात वरचे-खालचे अगदी चोख ठरलेले असतात. चौदाशेवाला मुलगा पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो, की तो मध्यंतरी निळा होऊन आलाय, परीक्षेच्या दिवसांत घसरला. हे सांगताना त्याचा आवाज ज्या घराण्याची जमीन कुळकायद्यात गेली त्यांच्या वंशजासारखा होतो.

आणि या सगळ्यांच्या वर 'टूरिस्ट'. बेलारूसचा गेनाडी कोरोत्केविच. त्याने वयाच्या अकराव्या वर्षी, २००६ मध्ये, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि पुढे २००७ ते २०१२ दर वर्षी सुवर्ण. आमचे सीईओ स्वागताला आले तेव्हा ज्या मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नव्हतं, तोच मुलगा टूरिस्टचं नाव निघालं की सरळ बसतो. सीईओंना हे कळल्यावर त्यांनी विचारलं, की मग या टूरिस्टला आपण इंटर्न म्हणून का घेत नाही? त्यावर एचआरने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तर अशी ही मुलं. शाळेपासून दुसऱ्यांनी काढलेले प्रश्न सोडवत आलेली. इथे त्यांना पहिल्यांदा सांगितलं जातं, की आता सोडवायचा नाही, काढायचा.

प्रश्न काढणं म्हणजे आधी त्याची गोष्ट रचणं. इंग्रजीत ॲलिस आणि बॉब नावाची दोन माणसं वर्षानुवर्षं ही हमाली करतात. मी इंटर्नांना सांगतो, आपली माणसं घ्या. देवरुखच्या एका मुलाने ते मनावर घेतलं आणि लिहून आणलं: राजाभाऊंच्या बागेत एन आंबे आहेत. एनची किंमत एकपासून दहाच्या अठराव्या घातापर्यंत काहीही असेल. राजाभाऊ रोज...

"थांब," मी म्हटलं. "दहाचा अठरावा घात म्हणजे किती?"

"दहावर..."

"दहा परार्ध. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यांची यादी परार्धावर संपते. तू त्याच्या दसपट आंबे काढतोयस."

कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पृथ्वीचं सगळं क्षेत्रफळ, समुद्र धरून, साधारण ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्यावर हे आंबे सारखे पसरले तर दर चौरस मीटरला जवळजवळ दोन हजार आंबे येतात. अंटार्क्टिकावरही तेवढेच. राजाभाऊंना पेट्या कुठून मिळणार, माल मार्केट यार्डात कसा येणार, आणि भाव काय राहणार, असं मी विचारलं. मुलगा शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पण लाँग लाँगमध्ये मावतात."

लाँग लाँग म्हणजे कॉम्प्युटरच्या स्मृतीतली मोठी पूर्णांक संख्या ठेवायची जागा. तिथे ९ वर १८ आकडे एवढ्यापर्यंत सुखाने मावतं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या बागाईतदारांना मात्र हे कुणी सांगू नये.

त्याच आठवड्यात एका मुलीने मुंबईची लोकल आणली. डबे एक लाख. वीस मीटरचा एक डबा धरला तरी गाडी दोन हजार किलोमीटर लांब. मोटरमन हावड्याला आणि गार्ड सीएसएमटीला. मी विचारलं, ही दादरला थांबते का? ती म्हणाली, "नाही, फक्त मूळ संख्येच्या स्टेशनांवर थांबते."

या अवाढव्य आकड्यांमागे कारण आहे, आणि ते मला पटलेलं आहे. स्पर्धेतल्या प्रोग्रामला उत्तर द्यायला सहसा एक-दोन सेकंद असतात. एका सेकंदात कॉम्प्युटर ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया उरकतो. आंबे शंभर असतील तर कुणीही ढ मुलगा एकेक आंबा मोजत उत्तर काढेल. दहा परार्ध असतील तर मोजणारा जन्मभर मोजत बसेल, आणि ज्याला युक्ती सुचली तोच सुटेल. म्हणजे आकडा मोठा करायचा तो राजाभाऊंच्या भल्यासाठी नव्हे, आळशी उत्तर अडवण्यासाठी. तरी कधीतरी एखाद्याने चार आंब्यांचा अवघड प्रश्न काढून दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे.

मग उत्तरही इतकं मोठं येतं, की ते छापायला कागद पुरू नये. त्यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं: उत्तराला १,००,००,००,००७ ने भागून बाकी सांगा. एक अब्ज सात. ही मूळ संख्या आहे. ३२ बिटांत मावते, आणि अशा दोन बाक्यांचा गुणाकार ६४ बिटांत मावतो, म्हणून सगळ्यांची लाडकी. मुलांना स्वतःच्या घरचा पिनकोड आठवणार नाही, हा आकडा झोपेतही सांगतील. आमच्या ऑफिसच्या वायफायला कुणीतरी हाच पासवर्ड ठेवला होता. सिक्युरिटीवाल्यांना तो फार अवघड वाटला. बाहेर टपरीवर बसलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी तो पहिल्या फटक्यात ओळखला.

जूनच्या मध्याला, रेनकोटातून पाणी गाळत मुलं आत यायला लागतात तेव्हा, त्यांना शंकानिरसनाच्या खिडकीवर बसवतात. खिडकी म्हणजे स्क्रीनच. स्पर्धा चालू असताना राज्यभरातून, देशभरातून विद्यार्थ्यांचे प्रश्न येतात आणि इंटर्नांनी त्यांना उत्तरं द्यायची. इथे मला माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद मिळतो.

नवोदितांच्या फेरीतला पहिला प्रश्न अगदी साधा ठेवतात. दोन संख्या घ्या, बेरीज छापा. एखादा विद्यार्थी प्रोग्राम लिहितो. त्याचा प्रोग्राम आधी म्हणतो, 'कृपया पहिली संख्या द्या.' मग, 'कृपया दुसरी संख्या द्या.' आणि मग, 'आपली बेरीज आहे ८. धन्यवाद.' कॉलेजच्या प्रॅक्टिकलला या सौजन्याचे मार्क मिळतात, एक्स्टर्नल खूश होतात. इथे मात्र उत्तर यंत्र तपासतं आणि त्याला आठ हवे असतात. नुसते आठ. कृपया नको, धन्यवाद नको. ते पटकन 'राँग आन्सर' म्हणून मोकळं होतं. विद्यार्थी खिडकीवर लिहितो: 'सर, बेरीज बरोबर आहे. कॅल्क्युलेटरवर पण तीच आली.'

जांभळ्या रंगाच्या एका इंटर्नने त्यावर उत्तर दिलं, 'प्रश्न नीट वाचा.' पुढच्यालाही तेच, त्यापुढच्यालाही तेच. मी काही बोललो नाही. आमच्या साइटवर कुणाचंच काही पुसलं जात नाही. त्याच्या खात्यावर गेलो, तीन वर्षं मागे गेलो, आणि त्याचा पहिला प्रोग्राम त्याच्या स्क्रीनवर उघडून दिला. त्यात 'प्लीज एंटर युवर नंबर' तर होतंच, खाली 'हॅव अ नाइस डे'सुद्धा होतं. लागोपाठ सात वेळा पाठवलेलं. मुलाचे कान लाल झाले. रेटिंगमध्ये न मिळालेला रंग त्याला तिथे मिळाला. त्यानंतर त्याची उत्तरं बदलली: 'बेरीज बरोबर आहे, पण बाकीची वाक्यं काढून टाक, मशीनला फक्त आकडा हवाय.' एवढंच तर लिहायचं असतं.

माझं इतक्या वर्षांचं मत सांगतो. आमच्या तांत्रिक विभागाला ते मान्य नाही. लाल रंगाच्या मुलाला सोपा प्रश्न काढता येत नाही. तो सोपा म्हणून जो काढतो त्यावर प्राध्यापकांच्या बैठका होतात. त्याला कुठे अडखळायला होतं हेच आठवत नसतं. उलट तीन-तीन वर्षं हिरव्या-मोरपंखीत रखडलेली मुलगी बसते आणि लिहिते: इथे लोक शून्य विसरतील, इथे एकच आंबा असेल तर काय ते विसरतील, इथे संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की उणे होईल. या शेवटच्या आकड्याने मोठमोठ्यांना धडा शिकवलाय. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्याची प्रेक्षकसंख्या त्याच्या पुढे गेली तेव्हा यूट्यूबला मोजणीचं मीटर वाढवावं लागलं होतं. जी मुलगी स्वतः त्यात पडून आली तिला कुठे खड्डे आहेत ते माहीत असतं. तिचे प्रश्न छापायला देताना मला फारसं काही बदलावं लागत नाही.

स्पर्धा संपली की कॉपी पकडायची. हे काम इंटर्नांना मनापासून आवडतं, कारण त्यांना सगळ्या वाटा ठाऊक असतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना ॲलेक्स ऐकेन यांनी १९९४ मध्ये 'मॉस' नावाचं एक साधन केलं. व्हेरिएबलची नावं बदलली, मोकळ्या ओळी घातल्या, तरी दोन कोडमधलं साम्य ते दाखवून देतं. आमच्याकडच्या कॉपीला इतक्या शास्त्राची गरज पडत नाही. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या तीसेक मुलांच्या उत्तरात एकच टीप सापडली: 'सोहम, नुसतं कॉपी करू नकोस, समजून घे.' त्या तीस जणांत सोहम नव्हता. त्याने बहुधा समजून घेतलं असावं. खुलासे मागवले तेव्हा 'रूममेटने माझा लॅपटॉप वापरला' हे कारण सगळ्यात जास्त आलं. महाराष्ट्रातले रूममेट एकत्र आले तर त्यांची एक मोठी संघटना होईल.

आता यात एआयची भर पडली आहे. २०२५ मध्ये बाकूला झालेल्या आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीचे बाराच्या बारा प्रश्न ओपनएआयच्या प्रणालीने सोडवले. ही बातमी आली तेव्हा ऑफिसात सुतक पसरलं. प्रश्न काढायचेच कशाला, इथपर्यंत चर्चा गेली. आमचा चहावाला तेवढा म्हणाला, "मोटारसायकल आली म्हणून पळायच्या शर्यती बंद झाल्या का?" त्याला पुढच्या धोरणात्मक बैठकीला बोलवावं, असं मी सुचवलंय. एचआरने वहीत लिहून घेतलंय.

जुलैअखेरची अंतिम फेरी मात्र सगळ्या गावाने बघावी. तिचे नियम आम्ही आयसीपीसीवरून घेतलेत. ती स्पर्धा अमेरिकेत १९७० मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात सुरू झाली. तीन मुलं, एक कॉम्प्युटर, पाच तास. चुकीचं उत्तर पाठवलं आणि नंतर तो प्रश्न सुटला, तर चुकीमागे वीस मिनिटं दंड. आणि प्रत्येक सुटलेल्या प्रश्नाला टेबलावर एक फुगा, दर प्रश्नाचा रंग वेगळा. देशातल्या हुशार मुलांच्या बुद्धीचा हिशोब शेवटी फुग्यांनी होतो, आणि फुगे फुगवायचं काम इंटर्नांचं.

अकरा प्रश्न म्हणजे अकरा रंग. दोघांना बोहरी आळीत पाठवलं. ते नऊ रंग घेऊन आले आणि वर 'फिकट गुलाबी' आणि 'गडद गुलाबी'. रिकामे असताना दोन्ही वेगळे दिसत होते. फुगवल्यावर गडद गुलाबी फिकट झाला. मग 'क'चा गुलाबी कुठला आणि 'ह'चा कुठला, यावर ज्यांनी वर्षभर ग्राफ थिअरी केली ती पोरं तोंडातोंडी भांडली. एका संघाला न सोडवलेल्या प्रश्नाचा फुगा मिळाला आणि शेजारच्या टेबलावरचा संघ, त्यांनी सोडवला तर आपल्यालाही सुटेल म्हणून, अर्धा तास त्यावर डोकं फोडत बसला. शेवटी त्या हिरवट-मोरपंखी मुलीनेच तोडगा काढला. प्रत्येक गुलाबी फुग्यावर मार्करने अक्षर लिहायचं. मार्करने दोन फुगे फुटले, हॉलमध्ये सगळे दचकले, आणि पुढे सगळं सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी निरोप. आईवडील न्यायला येतात. पोराने प्रश्न काढले, कॉपी पकडल्या, पाचशे फुगे फुगवले, यात त्यांना फारसा रस नसतो. ते मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "पीपीओ मिळेल ना हो?" इंटर्नशिप संपता संपता नोकरी देऊ करतात ती पीपीओ. हा शब्द आता गावोगाव पोचलाय. मी त्यांना एचआरकडे पाठवतो, आणि एचआर वही उघडते.

माझं स्वतःचं मात्र पालकांना एक सांगणं असतं, ते इथेही सांगतो. कोडफोर्सेसच्या स्पर्धा बहुतेक वेळा आपल्याकडच्या घड्याळात रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात आणि दोन तास चालतात. तेवढ्या वेळात मुलाला जेवायला हाक मारू नका, पानं वाढलीत म्हणू नका, 'पोळी गार होतेय' तर मुळीच म्हणू नका. सव्वादहाला वरण गरम करून द्या. आणि रंग खाली गेला असेल तर त्या रात्री काही विचारू नका.